पुरात बुडालेली हेरल्ड घरच्या घरी उभी करायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांची १९६७ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड सांगलीच्या गावभागात वाड्याच्या पडवीत उभी आहे. २०१९ च्या पुरात सीटच्या वर पाणी आलं होतं, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. मामा गेले, मामी म्हणतात, ‘तूच घेऊन जा.’ भाच्याला ती सुट्टीच्या दिवशी घरीच दुरुस्त करायची आहे आणि जमलंच तर छप्पर काढून दोन सीटची स्पोर्ट्‌स कार करायची आहे. सुरुवात कुठून करू?

आधी छपराचं बोलतो, कारण एकदा कापलं की परत जोडणं जड जातं. हेरल्डचं छप्पर बोल्टने बसवलेलं असतं, त्यामुळे ‘अर्ध्या दिवसात ओपन करून देतो’ म्हणणारा डेंटर तुम्हाला सांगलीत भेटेलच. तो खोटं बोलत नाही. पण छप्पर गेलं की मागच्या भागाचं काय करायचं, दारांच्या वरच्या कडा कशाला टेकवायच्या, पाऊस कसा अडवायचा, हे प्रश्न त्याच्यासाठी नसतात, तुमच्यासाठी असतात. दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. तुमची १९६७ ची आहे, म्हणजे वयाने पात्र आहे. ती पात्रता छप्पर कापून घालवू नका.

आणि स्पोर्ट्‌स कारची हौस असेल तर ती या गाडीत आधीच आहे. हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. आकार इटलीतल्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचा. त्या काळात बाकी कंपन्या चासी आणि बॉडी एकसंध करू लागल्या होत्या, पण स्टँडर्ड-ट्रायम्फला तशा बॉड्या बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, म्हणून यांनी वेगळी चासी ठेवली. त्याच चासीची लांबी कमी करून, तेच पुढचं सस्पेन्शन आणि तोच मागचा हलता ॲक्सल वापरून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर आली. म्हणजे स्पिटफायरची हाडं तुमच्या पडवीत उभी आहेत. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या आपल्या हेरल्डला मात्र शेवटपर्यंत ९४८ सीसीचंच इंजिन राहिलं. वेग फार नाही, पण रॅक-पिनियन स्टिअरिंग आहे आणि गाडी इतक्या कमी जागेत वळते की हरभट रोडवरसुद्धा यू-टर्न मारता येईल. पोलिसांच्या नजरेआड, एवढीच अट.

आता मुद्द्याचं. मी जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम बरीच वर्षं करतोय, आणि घरी सुरू झालेल्या ज्या गाड्या पुऱ्या झाल्या नाहीत त्यांच्यात एक गोष्ट समान दिसली: मालकाने पहिल्याच महिन्यात सगळी गाडी उघडली होती. हेरल्डमध्ये हा मोह जास्त, कारण बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, बॉडीचे तुकडे बोल्टवर आहेत, चार जण असले की बॉडी उचलता येते. व्हिडिओत छान दिसतं. मग चासी अंगणात, बॉडी विटांवर, पंचवीस खोकी माळ्यावर, आणि लग्न, बदली, पाऊस यांपैकी काहीतरी मध्ये येतं. पाच वर्षांनी खोक्यातला कुठला बोल्ट कुठला, हे कुणाला आठवणार? म्हणून माझा सल्ला एकच: गाडी शक्य तितका वेळ चार चाकांवर ढकलता येईल अशी ठेवा. एक कोपरा उघडा, पूर्ण करा, बंद करा, मगच पुढचा. वेळ जास्त लागतो, पण गाडी मरत नाही.

याला अपवाद एकच, चासी कुजलेली असेल तर. तेच आधी बघायचं. कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट असतो. पाणी ओसरलं तरी तो चासीच्या पोकळ पेट्यांत, दारांच्या तळाशी, सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पट्टीत) बसून राहतो आणि दर पावसाळ्यात ओल धरतो. वरून रंग शाबूत दिसेल, आतून पत्रा गेलेला असेल. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या. पडवीत शहाबादी फरशी असेल तर घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी पट्टी टाका, फरशी अचानक फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. मग जाड स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन चासीवर इंच इंच ठोकत जा. घट्ट टणक आवाज आला तर पत्रा आहे. आवाज बद्द आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर खडूने खूण करा. चासीच्या मुख्य दोन लांब रुळांपासून बाजूला निघणारे जे हात बॉडीला आधार देतात ते, आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जिथे लटकतं ती जागा, इथे जास्त वेळ द्या. बाजूचे हात कुजले असतील तर नवे बनवून घेता येतात, कुपवाड एमआयडीसीत चांगला फॅब्रिकेटर ते करेल. मुख्य रूळच डिफरन्शियलपाशी गेले असतील तर थांबा आणि खर्चाचा नव्याने विचार करा.

चासी ठीक असेल तर मूळ भोकांतून पाण्याचा पाइप घालून गाळ धुऊन काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग हवा मारा, उन्हात दोन-चार दिवस पूर्ण वाळू द्या आणि आत पोकळीत मारायचं मेण फवारा. बरेच जण इंजिनचं जळकं तेल ओततात. मला ते पटत नाही, त्यात आम्ल असतं आणि पुढे वेल्डिंग करायची वेळ आली तर धुराने जीव जातो.

बॉडी उचलावीच लागली तर दारं काढल्यावर दोन्ही बाजूंना दाराच्या चौकटीत आडवा अँगल तात्पुरता वेल्ड करून घ्या. नाहीतर उचलताना पेटी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. बॉडी आणि चासीच्या मध्ये बोल्टांभोवती शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात, ज्यांच्यावर दारांच्या फटी जुळवलेल्या असतात. कुठल्या बोल्टखाली किती शिम होते ते वहीत लिहा, फोटो काढा. हे एक पान हरवलं तर आठवडे जातात.

इंजिनला स्टार्टर लावू नका. बॅटरी जोडून ‘एकदा बघू फिरतंय का’ हा विचारही नको. सीटच्या वर पाणी म्हणजे सिलिंडरात पाणी शिरलेलं असू शकतं, शिवाय क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल, व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असतील. जबरदस्तीने फिरवलं तर व्हॉल्व्ह ढकलणारे पुशरॉड वाकतात. आधी ऑइल पॅनचा तळाचा बोल्ट सैल करा. तेलाआधी पाणी आलं तर पाणी आत होतं, कारण पाणी जड. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरात डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा, चार-पाच दिवस भिजू द्या. मग प्लग बाहेरच ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे. हललं तर उत्तम. नाही हललं तर पुन्हा भिजवा. घाई करून पान्याला पाइप लावू नका.

फिरायला लागलं की एक तपासणी आवर्जून करा, कारण हा या इंजिनाचा खोडसाळपणा आहे. एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुढची क्रँक पुली बघा. क्लच दाबला की पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. हे अर्धगोल वॉशर जास्त झिजले की खाली ऑइल पॅनमध्ये पडतात, मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉकच गेला. क्रँकचा हा खेळ चार ते आठ थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत हवा. तो मोजायचं डायल गेज लेथवाल्याकडून उसना मिळतो.

बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) गंजला असेल, आणि पुराच्या गाडीत बहुतेक असतोच, तर ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात न्या. पन्नास किलोमीटरवर इतकी जुनी मशीनिंगची परंपरा आहे ही आपली चैन आहे, तिचा उपयोग करा. ६३ मिलिमीटर बोअर, ७६ मिलिमीटर स्ट्रोक सांगा. मूळ मापाचे पिस्टन मिळत असतील तर सिलिंडरात लायनर (नवी नळी) घालून मूळ बोअर ठेवणं मला योग्य वाटतं, कारण पुढच्या माणसाला पुन्हा वाव राहतो. ब्लॉकबरोबर हेड दिलंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, कडक धातूच्या बसवून घ्या. हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलसाठी केलेलं आहे, शिसं व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये संरक्षक थर धरायचं. २००० सालापासून देशात शिशाचं पेट्रोल नाही. हळू चालवली तर मऊ सीटही बरीच टिकते, पण हेड उघडलेलं असताना हे काम न करणं म्हणजे तेच काम दोनदा करणं.

पेट्रोलवरून दुसरी गोष्ट. आज पंपावर इ-२० आहे, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ज्यातलं काही आपल्याच वाळवा-कराड पट्ट्यातल्या उसाचं असेल. शेतकऱ्याला चांगलं, १९६७ च्या रबराला वाईट. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग फुगतात, मऊ होतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळायला लागतं. गाडी सुरू करण्याआधी सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या आतल्या थराचे नवे घाला. दुकानदार ‘पेट्रोल पाइपच आहे’ म्हणेल, पाइपवर छापलेलं वाचून घ्या. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून प्लगचं टोक पांढरं दिसत असेल तर कार्बोरेटरमधला इंधन सोडणारा मेन जेट एक माप मोठा लावून बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा. आणि टाकीला भोक पडलं असेल तर ‘धुतली आहे, वेल्ड करा’ असं कुणालाही सांगू नका. रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते. रेडिएटरवाला जो टाक्यांचं काम नेहमी करतो त्याच्याकडेच द्या.

गंजलेल्या लहान भागांसाठी आपल्याकडे एक स्वस्त औषध आहे, मळी. साखर काढून उरलेला काळा पाक, जनावरांच्या खाद्यात घालतात तो. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. बिजागऱ्या, कंस, बोल्ट, पेडल असे भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. गंज सुटतो आणि खालचं लोखंड खात नाही. ॲसिडचं तसं नाही, ते चांगला पत्राही खातं आणि स्प्रिंगला ठिसूळ करतं. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र मळीत टाकू नका, कार्बोरेटर तर मुळीच नाही. बाहेर काढल्यावर पाण्याने धुऊन लगेच प्रायमर मारा, संध्याकाळपर्यंत थांबलात तर पुन्हा तांबूस होईल. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुढची चाकं. या गाडीत पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका काशाच्या ठोकळ्यात आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. गॅरेजमधला पोऱ्या ग्रीस गन घेऊन येईल आणि त्यात ग्रीस भरेल. ग्रीस नको. तिथे ईपी ९० गिअर ऑइल लागतं, ग्रीस गनमध्येच तेल भरून ते घालता येतं. ग्रीस आट्यांत खालपर्यंत जात नाही, पाणी जातं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस वळताना तुटतो. चाक मडगार्डाखाली आडवं होतं. तुमच्या गाडीचे ट्रनियन पाण्यात होते. म्हणून ते उघडून बघण्यात सूट नाही. दांड्याच्या आट्यांत खड्डे दिसले तर दांडा बदला, घासून पुन्हा घालू नका. एका बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे डावं-उजवं चिठ्ठ्या लावून ठेवा. हे भाग स्पिटफायरशी जवळचे असल्याने इंग्लंडमध्ये अजून नवे बनतात, भाग क्रमांक जुळवून आणि कस्टम ड्युटी धरून मागवा. इथे पैसे वाचवू नका, सीट कव्हरात वाचवा.

मागच्या चाकांचे हब (चाक ज्यावर बसतं ते भाग) मात्र घरी काढू नका. ते शाफ्टच्या निमुळत्या टोकावर इतके घट्ट बसतात की साध्या पुलरने कड वाकते. पूर्ण शाफ्ट काढून हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या. एक गोष्ट घाबरू नका म्हणून सांगतो: गाडी जॅकवरून खाली घेतली की मागची चाकं विचित्र आतबाहेर झुकलेली दिसतील. दहा-पंधरा फूट ढकलली की बसतात. ढकलूनही वाकडी राहिली तर मागच्या स्प्रिंगचा आडवा पाटा खचलाय.

ब्रेक एकाच वर्तुळाचे आहेत, म्हणजे कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे ‘हा व्हील सिलिंडर ठीक दिसतोय’ हा प्रकार नको. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळे रबरी होज नवे. लोखंडी पाइप बदलताना फ्रिजवाल्याची मऊ तांब्याची नळी घालायची पद्धत आपल्याकडे आहे, ती चालवून घेऊ नका, कंपनाने तांबं कडक होऊन तडकतं. ड्रम उघडल्यावर जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेने उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

पाने. इथे जवळजवळ सगळं इंची आहे. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर सैल बसतो आणि कोपरे गोल करतो, ७/१६ वर ११ चा ठोकून बसवावा लागतो, आणि १४ चा ९/१६ वर जातच नाही. इंची रिंग पान्यांचा एक बरा सेट घ्या.

वायरिंग पुरात गेलेलं धरूनच चाला. जुन्या वायरचं वरचं कापडी आवरण सुकलं तरी आतलं तांबं हिरवं झालेलं असतं. नवा हार्नेस (वायरींचा जुडगा) करताना रंग मूळ ल्युकास या ब्रिटिश कंपनीचेच ठेवा: तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरा इग्निशन, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून, निळा हेडलाइट, लाल पार्किंगचे दिवे, काळा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर. मूळ योजनेत फ्यूजचं संरक्षण फार थोडं आहे, चार फ्यूजची पेटी वाढवा, कुणाला दिसणारही नाही. आणि बॅटरी जोडण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, हे बघा. मधल्या काळात कुणी बदललेलं असू शकतं.

रंग सगळ्यात शेवटी, आणि घरी नको. आजचे दोन भाग मिसळून मारायचे रंग फुप्फुसाला घातक आहेत, नाकाला रुमाल बांधून ते भागत नाही. पत्र्याचं, प्रायमरचं काम घरी करा, शेवटचा हात बूथमध्ये. हवामानही बघा: जून ते सप्टेंबर हवेतली ओल रंगाला पांढुरकी झाक आणते, आणि गळीत हंगामात पाचट पेटलं की त्याची काजळी ओल्या रंगावर येऊन बसते. हंगाम संपल्यावर एप्रिल-मे बरा. डेंटरला एकच अट घाला, प्रायमर मारण्याआधी तुम्हाला उघडा पत्रा दाखवायचा. पुट्टी पातळ असेल तर काही हरकत नाही, पण कुजलेल्या भोकावर जाळी लावून पुट्टी भरली तर पहिल्या पावसात फुगेल.

कागदांचं काम आजच सुरू करा, गाडीला हात लावण्याआधी. आरसी मामांच्या नावावर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरासाठी फॉर्म ३१ आहे. मामींची आणि वारसांची संमती त्यांच्याकडून लेखी घ्या, नातं कितीही जवळचं असलं तरी. विंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. तुम्हाला दर रविवारी कोल्हापूरला मिसळ खायला जायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचंच फिटनेस दाखवून नूतनीकरण करण्याचा मार्ग मी आधी तपासेन. दोन्ही मार्गांत चासी आणि इंजिन नंबर वाचता यायला हवेत. म्हणून गंज काढायचा वायर ब्रश हातात घ्यायच्या आधी ते दोन नंबर शोधा, फोटो काढा, आरसीशी ताडून बघा आणि वर चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे पुढे कुणी ग्राइंडर फिरवणार नाही.